हलका हात

झाकण गरम होतं. मला माहीत आहे, कारण दहा मिनिटं आधी मीच ते पातेल्यावर ठेवलं होतं आणि आत बटाटे रटरटत होते. स्टीलचं सपाट झाकण, त्याची मूठ कधीच तुटून गेलेली. रविवारी दुपारी आम्हाला भेटायला आलेली लेक स्वयंपाकघरात शिरली, बोलता बोलता डाव्या हाताने तिने ते उचललं आणि तसंच धरून ठेवलं. ना फडकं, ना चिमटा. "झालेत गं, बंद कर," म्हणाली आणि कुठल्याशा पेशंटची गंमत सांगू लागली. अंगठा वर, दोन बोटं खाली, मध्ये झाकण. मी तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्या बोटांकडे बघत राहिले. शेवटी पुढे होऊन मीच ते काढून घेतलं, तर मला चटका बसला.

आज बुधवार. ती तीन बोटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बाकी सगळं चालू आहे. कपडे वाळत घातले, दूध तापवलं, विजेचं बिल भरून आले. रडू आलेलं नाही. काय वाटतंय असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर आपल्याच गालाला हात लावला की तो दुसऱ्या कोणाचा वाटतो, तसं आहे.

लेक कृत्रिम डोळे बनवते. लोकांना वाटतं काचेची गोटी असते, खोबणीत बसवली की झालं. गोटी नसते. शिंपल्यासारखी पातळ वाटी असते, कवळीचे दात ज्या प्लास्टिकचे करतात तसल्याच प्लास्टिकची. आधी खोबणीचा साचा घ्यायचा, मग मेणाचा नमुना, मग पांढरं प्लास्टिक शिजवायचं. बुबुळ एका काळ्या टिकलीवर रंगवायचं, पेशंटला समोर बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत. पांढऱ्या भागात लाल रेशमाचे तंतू सोडायचे, एकेरी, केसाहून बारीक, त्या शिरा. वरून पारदर्शक थर. मग चाकावर पॉलिश. आणि अगदी शेवटी वाटीची कड बोटांनी चाचपायची, कुठे कणभर खरखर राहिली आहे का. पापणीच्या आतली कातडी फार नाजूक. तिथे कण टोचला तर माणूस दिवसभर कळवळतो.

ती या कामाला कशी लागली हे आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालंय की आता ते सांगताना कोणी कोणाकडे बघतही नाही. तिचे बाबा लेथवर कामाला होते. एका दुपारी लोखंडाचा कीस उडाला आणि उजवा डोळा गेला. चार महिन्यांनी त्यांना डोळा बसवायला नेलं, तेव्हा ही पंधरा वर्षांची होती, परीक्षा झाली होती म्हणून बरोबर आली. डोळेवाले मास्तर तिच्या बाबांच्या समोर बसून बुबुळ रंगवत होते. ही मागे उभी. अर्धा तास नुसती बघत होती. मग म्हणाली, "तो ठिपका खाली आहे."

मास्तरांनी मान वर केली नाही. "कुठला ठिपका?"

"बाबांच्या डोळ्यात एक गडद ठिपका आहे. तुम्ही वर काढलाय. तो खाली होता."

"अगं, मी चांगल्या डोळ्यात बघून काढतोय."

"चांगल्या डोळ्यात वरच आहे. पण गेलेल्या डोळ्यात खाली होता. मी रोज बघत होते ना."

मास्तरांनी ब्रश तिच्यापुढे धरला. "मग काढ तूच." तिने तो डाव्या हातात घेतला. मास्तरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं ते मला आवडलं नव्हतं. वाटलं, चेष्टा करणार. "डावरी का?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते तिला डावरीच म्हणतात.

डावरेपणाबद्दल मला फार काही श्रेय घ्यायचं नाही. सासूबाई तिच्या हातातला चमचा काढून उजव्या हातात द्यायच्या. ती तो जेवण संपेपर्यंत उजव्या हातात नुसता धरून ठेवायची आणि डाव्या हाताने खायची. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, "आत्ताच वळण लावा, नंतर जड जाईल." नणंद म्हणाली, "हिला उजवायची वेळ येईल तेव्हा काय सांगाल?" मी सगळ्यांना हो हो म्हटलं आणि काहीच केलं नाही. लोकांना वाटलं, शिकलेली आई, पुढारलेले विचार. खरं म्हणजे मी दमलेली होते. विमा कंपनीत टायपिंग, घरी सासूबाईंचं आजारपण; हात वळवायला वेळ होता कोणाला? तो हात राहिला तसा राहिला, एवढंच.

मास्तरांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एकच खिडकी. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. त्यामुळे आधीचे दोन मदतनीस मास्तरांच्या पाठीमागे, उरल्यासुरल्या उजेडात बसायचे आणि तक्रार करायचे. ही आली आणि अडचणच मिटली. तिला उजेड उजवीकडून हवा. मास्तरांनी दुसरं टेबल आणून आपल्या टेबलाला समोरासमोर जोडलं. एकच खिडकी त्यांच्या डावीकडे आणि हिच्या उजवीकडे. सोळा वर्षं ती दोघं अशी एकमेकांसमोर बसून काम करतात. मी गेले की मला वाटतं, आरशासमोर कोणी बसलंय आणि आरशातलं माणूस तरुण आहे.

मास्तरांचा एक नियम आहे. ज्याने पॉलिश केलं त्याने कड तपासायची नाही. "स्वतःच्या कामाला स्वतःची बोटं सरावतात," ते म्हणतात. म्हणून पॉलिश मास्तरांचं आणि तपासणी डावरीची. ती डोळे मिटून अंगठा आणि दोन बोटं यांच्यामध्ये वाटी फिरवते. पूर्ण एक फेरी, मग उलटी फेरी. "हं" म्हणाली की वाटी डबीत. सोळा वर्षांत एकही डोळा कडेच्या तक्रारीने परत आला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी मास्तर आमच्या घरी आले. जिने चढून दम लागला होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आता बस झालं. खोली डावरीच्या नावावर करतो. पण परवाना तिच्या नावाचा हवा. परवाना देणाऱ्यांचा परीक्षक येणार, त्याच्यासमोर एक डोळा पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायचा. आणि माझं शिफारसपत्र. इंग्रजीत. ते तुम्ही लिहायचं, मी सही करणार."

"मी?"

"मग कोण? तुम्ही कॉलेजात इंग्रजी घेतलेलं. मला 'थँक यू'च्या पुढे येत नाही."

"काय लिहू?"

"लिहा की हिचा हात..." त्यांनी स्वतःचा हात हवेत फिरवला, अंगठा दोन बोटांवर घासला. "तुम्हाला कळलं ना? तसं लिहा."

तिचे बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "लिही, डाव्या हाताचा मळ आहे सगळा."

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं.

"मी अर्धाच बघतो, तर अर्धा तरी बोलू दे."

शब्द शोधायला मी जाडा शब्दकोश काढला. नुसतं 'स्किलफुल' फार पातळ वाटत होतं. ते कोणालाही चालतं, सुताराला, फुटबॉल खेळणाऱ्यालाही. 'डेक्स्टरस' बरा वाटला. हाताचं कसब, सफाई, तरबेजपणा, सगळं त्यात आहे. पत्रात लिहिलाही. मग सवयीने खाली व्युत्पत्ती वाचली. लॅटिनमध्ये 'डेक्स्टर' म्हणजे उजवा हात. तो शब्द खोडला. पुढचा 'ॲड्रॉइट'. तो फ्रेंचमधून आला. सरळ, योग्य आणि उजवं या तिन्हींना तिथे एकच शब्द. तोही खोडला. दोन्ही हातांनी सारखंच काम करणाऱ्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ तर दोन्ही हात उजवे असलेला. मग मुद्दाम डाव्याचा शब्द बघितला. लॅटिनमधला डावा तो 'सिनिस्टर', म्हणजे आता अशुभ, कपटी. फ्रेंचमधला डावा तो 'गॉश', म्हणजे अडाणी, धांदरट. आपणही काही वेगळं करत नाही म्हणा. एक दुसऱ्यापेक्षा सरस असला की त्याला आपण उजवा म्हणतो, आणि ते म्हणताना कोणाच्या लक्षातही येत नाही.

दोन रात्री मी असा शब्द शोधत होते ज्याच्या पोटात उजवा हात लपलेला नाही. सापडला तो अगदी आखूड. 'डेफ्ट'. चपळ, सफाईदार, नेमका हात. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीत, आणि तिथे त्याचा अर्थ सौम्य, मवाळ, गरीब स्वभावाचा. कसब नंतर आलं. आधी फक्त सौम्यपणा होता. त्याच मुळातून निघालेला दुसरा शब्द 'डाफ्ट' मात्र मवाळवरून भोळ्यावर गेला आणि भोळ्यावरून वेडगळावर. गरीब स्वभावाच्या माणसाला लोक शेवटी बावळट म्हणतात, ते तिकडेही चालतं तर. पण डेफ्ट टिकला. मला तो हातावर मारलेल्या फुंकरीसारखा वाटला. आपण हात हलका आहे म्हणतो, अगदी तेच. ज्याचा हात हलका त्याच्याकडून टोचत नाही, दुखत नाही.

लेक आली तेव्हा वाचून दाखवलं. ती हसली. "एका शब्दासाठी दोन दिवस? मी दोन दिवसांत एक डोळा करते."

"डोळा परत करता येतो. परवाना एकदाच मिळतो."

"परीक्षक शब्दकोश घेऊन येणार आहे का गं?"

"न का येईना. मला माहीत आहे तिथे काय लिहिलंय."

"बरं बाई. मी गरीब स्वभावाची. बाबा, ऐकलंत का?"

"ऐकलं," तिचे बाबा म्हणाले. "लेखी द्या, तरच विश्वास बसेल."

पत्र मी सुवाच्य टाईप केलं. सही गुरुवारी करायची ठरली, म्हणजे उद्या.

गेल्या शनिवारी मास्तरांचा फोन आला. मला वाटलं, पत्राबद्दल. आवाज नेहमीचा नव्हता.

"वहिनी, आपल्या पोस्टमनचा डोळा परत आला."

निवृत्त पोस्टमन. तिसऱ्यांदा डोळा बदलला होता त्यांनी. गप्पिष्ट माणूस, आमच्याही ओळखीचा. "परत म्हणजे?"

"कड लागली. आतून रक्त. बिचारा दोन दिवस सोसत बसला, म्हणे मास्तरांचं काम, आपोआप बसेल. वाटी काढून बघतो तर खालच्या कडेला एवढा टवका. बोट लागताच कळावा असा."

"मग डावरीने तपासला नव्हता का?"

"तपासला ना! तिने 'हं' म्हटलेलं मी ऐकलंय. तिच्या बोटांतून एवढा टवका सुटणं शक्यच नाही. म्हणजे नंतर झालं. डबीत ठेवताना माझ्याच हातून पडला असणार." मग म्हणाले, "आणि मला आठवत नाही, वहिनी. पडल्याचं काही म्हणता काही आठवत नाही. हात थरथरतो हे माहीत होतं. आता डोकंही गेलं."

मी म्हटलं, "असं काय बोलता? एखाद्या वेळी होतं."

"माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "वस्तू पाडायचे आणि नाही म्हणायचे."

शनिवारचं हे बोलणं, आणि रविवारी झाकण. चटका बसलेलं बोट मी नळाखाली धरलं आणि म्हटलं, "हात दाखव."

"कुठला?"

"कुठला म्हणून काय विचारतेस? डावा."

"मुंग्या येतात गं जरा. टेबलावर मनगट टेकून टेकून होतं तसं, आमच्या कामात सगळ्यांना होतं."

"झाकण किती गरम होतं माहीत आहे तुला?"

तिने माझ्या बोटाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या बोटांकडे. टोकं लाल झाली होती. तिला ते बघून कळलं. बघेपर्यंत कळलं नव्हतं. स्टूल ओढून ती बसली.

"किती दिवस?"

"आठेक महिने. आधी फक्त रात्री. झोपेतून उठून हात झटकला की जायचं. आता जात नाही."

"डॉक्टर?"

"दाखवलंय. सुया टोचून, करंट देऊन तपासणीही केली. मनगटात नस दबलीय. लहानसं ऑपरेशन, पंधरा-वीस मिनिटांचं. संध्याकाळी घरी."

"मग अडलंय कुठे?"

"दीड-दोन महिने नाजूक काम बंद. परीक्षक पुढच्या महिन्यात येणार. एकदा तारीख चुकली की पुढची कधी देतील ते सांगत नाहीत. मास्तर तोवर थांबणार आहेत का? त्यांनी तर हत्यारं पुसून ठेवायला सुरुवातही केली."

"आणि ऑपरेशन केलं नाही तर?"

तिने दोन्ही तळवे वर करून माझ्यासमोर धरले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाची गादी असते तशी होती. डाव्या अंगठ्याखाली ती बसली होती, उशीवर डोकं ठेवून कोणी उठून गेल्यासारखी.

"डॉक्टर म्हणाले, आता करा. अजून थांबलात तर नस मोकळी होईल, पण बोटांतलं गेलेलं परत येईल याची खात्री नाही."

मी गॅस बंद केला. बटाटे फुटले होते. मग विचारलं, "पोस्टमनचा डोळा तू तपासलास तेव्हा तुला काही लागलं होतं बोटांना?"

"नाही."

"म्हणजे टवका तेव्हाच होता."

"तेव्हाच होता. चाकावर उडाला असणार. ते कोणाच्याही हातून होतं, म्हणून तर तपासणी."

"मास्तर मला म्हणाले, त्यांच्या हातून पडला."

"माहीत आहे काय म्हणाले ते."

"मग तू..."

"त्यांनी मला विचारलंच नाही, आई! पोस्टमन आत आले, डोळ्यातून पाणी गळतंय. मास्तरांनी वाटी काढली, कड चाचपली आणि हात जोडून उभे. 'माफ करा, माझं वय झालं.' मी तोंड उघडेपर्यंत त्यांची माफी मागून झाली होती. पोस्टमनही म्हणाले, 'चालायचंच, मास्तर.' मग दोघं आपापल्या दुखण्यांबद्दल बोलत बसले. मी मध्ये कुठे घुसू?"

"नंतर?"

"नंतर मी चहा केला."

एवढं सांगून तिने टेबलावरची स्टीलची वाटी उचलली आणि तिची कड खालच्या ओठावरून हळूच फिरवली. पूर्ण एक फेरी, मग उलटी फेरी. "आता मी अशी तपासते. ओठाला बोटापेक्षा जास्त कळतं. मास्तर पाठमोरे असतात तेव्हा. नंतर जंतुनाशकात ठेवते, घाण करत नाही मी."

"परीक्षकासमोर ओठ लावणार?"

"त्या दिवशी पॉलिश इतकं करीन की तपासायलाच नको."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर ऑपरेशन. शब्द देते तुला. फक्त पत्र जाऊ दे, परीक्षा होऊ दे." मग लहानपणी प्रगतिपुस्तक दडवून विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "तू मास्तरांना सांगणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? तिने विचारलं म्हणून म्हटलं. मला तेव्हा काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नसताना हो किंवा नाही म्हणायला कष्ट पडत नाहीत. सगळ्यांना हो हो म्हणून काहीच न करण्याची माझी जुनीच रीत. आम्ही बटाटे सोलले. ती उजव्या हाताने सोलत होती, वेडेवाकडे. तिचे बाबा जेवताना म्हणाले, "आज बटाट्यांना अपघात झालाय का?" आणि ती हसली. मीही हसले असेन.

सोमवार गेला, मंगळवार गेला. मी स्वतःला समजावत होते की सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे. आठ महिने गेले तिथे सहा आठवड्यांनी काय होतंय? डॉक्टर घाबरवतातच. पोस्टमनची जखम भरतेय. मास्तरांना तसंही निवृत्त व्हायचंच होतं. असं एकेक कारण रचत गेलं की सगळी अगदी चपखल बसतात.

आज संध्याकाळी मास्तरांचा पुन्हा फोन आला.

"वहिनी, पत्र झालंय ना?"

"झालंय. उद्या घेऊन येते."

"एक ओळ वाढवायची होती. जमेल ना?"

"सांगा."

"असं लिहा की गेल्या काही महिन्यांत माझ्याकडून चुका होऊ लागल्या आणि त्या हिने निभावून नेल्या. त्यांना कळू दे की पोरगी माझ्या जिवावर नाही, मी तिच्या जिवावर आहे. पोस्टमनचं नाव नको. नुसतं चुका म्हणा."

"चुका..." एवढंच मी म्हटलं. त्यांना वाटलं, मला इंग्रजीत जमत नाहीये.

"अवघड असलं तर साधं लिहा."

"नाही, अवघड नाही," मी म्हटलं. "लिहिते."

"आणखी एक. डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय सोमवारचा. विसरण्याचं बघतात ते. डावरीला सांगू नका. उगीच तिचं लक्ष उडेल परीक्षेतून."

"कोण येतंय बरोबर?"

"कोण येणार? मी जाईन. पत्ता चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलाय, न जाणो."

फोन ठेवून मी टाईपरायटरला पत्राचा कागद लावला. ती ओळ लिहायला बसले. इंग्रजीत ती फार सोपी आहे, एका दमात होते. अर्धी टाईप केली. तिच्या वरच्याच ओळीत डेफ्ट हा शब्द आहे. मी तो दोन रात्री शोधून काढला तो एवढ्यासाठी की तो हात कोणाला दुखवत नाही हे मला लिहायचं होतं. आणि त्याच्या खाली मी एका धडधाकट म्हाताऱ्या माणसाच्या न केलेल्या चुका टाईप करत होते. तो सोमवारी खिशात पत्त्याची चिठ्ठी घेऊन एकटा डॉक्टरकडे जाणार, त्याला तिथे लहान मुलासारखी चित्रं ओळखायला सांगणार. त्याला सगळं आठवतंय. पडलंच नाही ते त्याला आठवणार कसं?

कागद यंत्रात तसाच आहे. तिचे बाबा मघाशी उठून आले होते. "झालं नाही अजून?" म्हणाले. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. रविवारपासून पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्यांनी कधी नव्हे ते मध्ये काही म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, "तिचा हात राहिला पाहिजे. खोली गेली तर गेली."

"खोली जाणार नाही. मास्तर ऐकून घेतील."

"नाही ऐकलं तर?"

"तर नाही."

ते झोपायला गेले. मी बसून हे लिहीत राहिले. ठरवायला इतका वेळ लागायला नको होता.

उद्या अकरा वाजता सही आहे. त्याआधी तिने त्या खिडकीपाशी, मास्तरांच्या समोरच्या खुर्चीत बसून सांगायला हवं की टवका तेव्हाच होता आणि आपल्या बोटांना तो लागला नाही. तिने सांगितलं तर बरं. नाही सांगितलं तर मी सांगणार आहे, आणि पत्र पर्समधून काढणार नाही. तिला दिलेला शब्द मोडायचा तर तिला आधी सांगून मोडायचा. मास्तरांच्या दारात तिला अचानक गाठायचं नाही. ती रागावेल. कदाचित बरेच महिने येणार नाही. परवान्याची तारीख जाईल, दुसरी कधी मिळेल ते मला माहीत नाही. बोटांतलं किती परत येईल तेही माहीत नाही. ऑपरेशनला पैसे आहेत, रजा घ्यायला मी आहे, पोळलेल्या बोटांना मलम लावलंस का हे विचारायचंही राहून गेलंय.

साडेबारा वाजलेत. एरवी या वेळी कोणाला उठवायची मला हिंमत होत नाही. पण ती जागी असणार. या दुखण्यात रात्रीच जास्त होतं, अंथरुणावर बसून हात झटकत असणार. सकाळपर्यंत थांबले तर मी पुन्हा काहीतरी कारण शोधून काढीन, मला मी माहीत आहे. आत्ताच तिला फोन करते.